सुभेदार तात्यांची दोन अंडी

रोज सकाळी सहाला सुभेदार तात्या पालींची हजेरी घ्यायचे. फौजेतून निवृत्त होऊन इस्लामपुरात आमच्या शेजारी राहायचे. नातवानं पुण्यात हौसेनं पाळलेल्या आणि सूनबाईंनी घराबाहेर काढलेल्या चार ठिपकेदार विलायती पाली त्यांच्या पदरात पडल्या होत्या. मी एकदा चुकून पाल म्हणालो.

"पाल भित्तीवर असती गड्या. ह्यो गेको हाय. ड्यूटीवर हाय."

तात्यांशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. पेपरवाला काय नि जावई काय, त्यांच्यापुढं सरळच उभे राहत. अंगावर पाल पडली तर डोक्यावरून अंघोळ करणारी आमची गल्ली, पण तात्यांसमोर गेकोचं मुकाट कौतुक करायची.

सगळ्यात लाडकी चंद्री. म्हातारी झाली होती. तिनं शेवटची दोन अंडी घातली, तेव्हा तात्यांनी ती थर्माकोलच्या पेटीत ओलसर भुशावर ठेवली, बल्ब लावला आणि प्रत्येकावर वरच्या बाजूला पेन्सिलनं ठिपका दिला. ही अंडी कोंबडीच्या अंड्यांसारखी फिरवायची नसतात, उलटली की आतलं पिल्लू मरतं. हे त्यांनी मला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं. घरात बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, सांगायचं तेवढं राहिलं.

मग ते आठवडाभर म्हसवडला लग्नाला गेले. परतले तेव्हा मी तिथंच होतो.

"आवं, रोज सकाळ-सांज फिरवलीत मी," काकी कौतुकानं म्हणाल्या. "खुडूक कोंबडी फिरवती तशी. ऊब सगळीकडनं लागाय पायजे."

पेटी उघडली. एका अंड्याचा ठिपका पार खाली, दुसऱ्याचा बाजूला. मी तोंड उघडणार तोच तात्यांनी माझा दंड असा दाबला की दोन दिवस दुखत होता.

"लय बेस केलंस," ते काकींना म्हणाले.

पंधरा दिवसांत अंडी चेपली, बुरशी धरली. काकींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझंच चुकलं," तात्या म्हणाले. "बल्ब जास्ती तापता ठिवून गेलो."

मग काकींनी त्यांना असं झाडलं की बास. तात्या खाली मान घालून ऐकत राहिले.

काकी आत गेल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललात?"

"तीस वर्सं मी बॉर्डरवर. हितं तिनं एकटीनं पोरं जगिवली, म्हसरं जगिवली, माझी आंधळी आई जगिवली. तिच्या हातनं पिल्लं मेली, हे सांगू व्हय तिला?"

मी साताऱ्याला आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. चंद्रीही गेली. काकींचा फोन आला की विषय निघतोच, "ह्यांनी मारली बघ तिची पिल्लं."

आणि मागून तात्यांचा आवाज येतो, "व्हय, मीच."