टाकीवरचा गंज

चित्रकाराने टाकीचं चित्र चुकीच्या ग्रुपवर टाकलं, तेव्हा त्याच्या तोंडात दात घासायचा ब्रश होता आणि डोळ्यांत झोप. जायचं होतं ऑफिसच्या ग्रुपवर, गेलं इमारतीच्या ग्रुपवर. फोन फ्रिजवर ठेवून तो निवांत आंघोळीला गेला.

चित्रकार म्हणजे भिंतीवर टांगायची चित्रं काढणारा नव्हे. तो गेम बनवणाऱ्या कंपनीत होता आणि नोकरी लागल्यापासून कॉम्प्युटरवर गंज काढत होता. गंजलेले दरवाजे, गंजलेले पूल, गंजलेल्या तोफा. सध्या एका उजाड शहरातली पाण्याची टाकी त्याच्या वाट्याला आली होती. आकार नेमका यावा म्हणून त्याने आपल्याच इमारतीच्या गच्चीवरच्या लोखंडी टाकीचा फोटो घेतला होता आणि त्याच्यावर चढवला होता गंज. आधी गडद तपकिरी थर, त्यावर नारिंगी ठिपके, मग बोल्टांखालून निघालेले ओघळ. गच्ची तीच, टाकी तीच, मागची वाळत घातलेली चादरसुद्धा तीच. चित्राखाली साहेबांसाठी मजकूर होता :

‘टाकी सडवायला घेतली आहे. झाकणाखालचे ओघळ झाले. आज दिवसभरात तळ खाऊन टाकतो. संध्याकाळपर्यंत ही टाकी कधीकाळी नवी होती, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.’

तो डोकं पुसत बाहेर आला, तर बायको दारातच उभी.

“अहो, टाकीला काय केलंत तुम्ही?”

“कुठल्या टाकीला?”

“आपल्या! खालच्या काकूंनी भरलेलं पिंप मोरीत ओतून दिलं. ग्रुप बघा जरा.”

त्याने ग्रुप बघितला. एकाला महिनाभर चहाला लोखंडाची चव येत होती, पण बायकोच्या हाताला नावं ठेवायला नकोत म्हणून तो आजवर गप्प होता. एकाच्या केसगळतीचं कारण आता कुठे सापडलं होतं. एका बाईंच्या मुलाचं गणित याच पाण्याने कच्चं राहिलं होतं. आणि बाहेरून आणलेल्या बाटल्यांशिवाय दुसरं पाणी न पिणाऱ्या एका सद्गृहस्थाच्या पोटात सकाळपासून कळा येत होत्या.

घाईघाईत चित्रकाराने ते चित्र ग्रुपवरून पुसून टाकलं.

“हे मात्र गाढवपणाचं केलंत,” बायको म्हणाली. “आता वाटेल, पुरावा नाहीसा केला.”

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत ग्रुपवर कुणीतरी लिहिलंच : ‘पुरावा नाहीसा केला!’ आणि पाठोपाठ दारावर थाप पडली.

दारात इमारतीचे अध्यक्ष होते. ती टाकी त्यांच्या कारकिर्दीतली. स्वतः उन्हात उभं राहून त्यांनी ती बसवून घेतली होती आणि त्यानंतर दर सभेत ते तेच ऊन पुन्हा तापवून वाढत असत. त्यांच्यामागे खालच्या काकू, आणि काकूंच्या मागे सगळा जिना.

“माझ्या टाकीत काय मिसळलंत?” अध्यक्षांनी थेट विचारलं.

“काही नाही हो! ते चित्र आहे. मी गंज काढतो. तेच माझं काम आहे.”

“अरे मग काढ ना!” काकू कडाडल्या. “कामच आहे तर टाकीवरचा काढ की मेल्या! फोटो कसले टाकतोस?”

“तसा काढत नाही, काकू. रंगवून काढतो.”

“म्हणजे गंजावर रंग फासतोस? आणि वर तोंड करून सांगतोस?”

चित्रकाराने हात जोडले, सगळ्यांना आत बोलावलं आणि कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर गंजलेली टाकी आली. “हे बघा, हे सगळे वेगवेगळे थर आहेत. हा ओघळांचा थर, हा ओरखड्यांचा, हा डागांचा. एकेक बंद करतो.” त्याने एकेक थर बंद केला. गंज नाहीसा झाला आणि टाकी लख्ख दिसू लागली. “पटलं?”

अध्यक्षांनी चष्मा सावरून पडद्याशी नाक नेलं. मग ते हळूच, भेद फोडल्यासारखे म्हणाले, “म्हणजे गंज लपवायचीही सोय आहे तर.”

“अहो, उलट आहे! ही लख्ख खरी आहे, ती गंजकी खोटी!”

“आम्ही खोटं पाहिलं आणि आम्हाला लोखंडाची चव आली?” ग्रुपवरचा चहावाला म्हणाला.

“चला, डोळ्यांनीच बघा,” म्हणत चित्रकार सगळ्यांना गच्चीवर घेऊन गेला.

टाकी होती तशी होती. राखाडी, गुळगुळीत, कुठे डाग नाही. कुणीतरी हसेल, चूक कबूल करेल, अशी त्याची अपेक्षा होती. पण जिने चढून आलेली माणसं काहीच न सापडता खाली जायला तयार नसतात.

“बाहेरून ठीक आहे,” काकू म्हणाल्या. “पण गंज रंगाखाली असतो.”

काकूंनी कमरेची किल्ली काढली आणि टाकीवर एक लांब ओरखडा ओढला. खाली चकचकीत लोखंड.

“इथे नसेल,” चहावाला म्हणाला आणि त्याने आपली किल्ली काढली. मग केसगळतीवाला, मग गणितवाल्या बाई. ज्याला जिथे संशय, तिथे त्याने खरवडलं. अध्यक्ष आधी आडवे आले, मग आपल्या टाकीची अब्रू आपणच सिद्ध करावी म्हणून त्यांनी पान्हा मागवला आणि “आवाज ऐका, आवाज! खणखणीत आहे!” असं ओरडत तो पूर्ण ताकदीने जोडावर हाणला. आवाज खणखणीतच आला. पाठोपाठ जोडातून पाण्याची चिळकांडी उडाली आणि नेमकी अध्यक्षांच्या चष्म्यावर बसली.

याच वेळी साहेबांचा फोन आला.

“टाकी आली नाही अजून?”

“सर, पाठवतोच आहे. जरा घरी—”

“कालची पाहिली मी. जीव नाही तिच्यात. ओरखडे मीठ भुरभुरवल्यासारखे सगळीकडे सारखे टाकलेस. माणसाचा हात जिथे पोचतो तिथे रंग उडतो, वर नाही उडत! कधी खरी टाकी जवळून बघितलीयस का?”

“आत्ता बघतोय, सर,” चित्रकार म्हणाला. बघत तर होताच. ओरखडे छातीच्या उंचीला दाट, वर विरळ, शिडीपाशी सगळ्यात जास्त. साहेब म्हणत होते त्यात तथ्य होतं, याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

गळणाऱ्या जोडावर ठिगळ लागलं. ओरखड्यांवर मात्र रंग लागला नाही. “खालून दिसतात का? मग कशाला?” असं अध्यक्षांनी ठरवलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण प्रत्येकाला आपापला ओरखडा ओळखू येत होता. पावसाळा आला. उघड्या लोखंडाला आधी नारिंगी झाक आली, मग कडा तपकिरी झाल्या, ठिगळाखालून ओघळ उतरले. चित्रकार अधूनमधून गच्चीवर जाई, बघे आणि खाली येऊन साहेबांनी परत पाठवलेली टाकी नव्याने रंगवी. कडा बोचऱ्या, ओघळ वर जाड आणि खाली विरत गेलेले. अशी टाकी त्याने जन्मात रंगवली नव्हती.

साहेबांनी ती पाहून मान हलवली. “आता अति झालं. इतकं वाटोळं खऱ्या आयुष्यात कोण करून ठेवतं? काढून टाक. टाकीच नको त्या शहरात.”

पावसाळा संपता संपता इमारतीच्या नळांना तांबूस पाणी आलं आणि सभा भरली. चित्रकार शेवटच्या रांगेत अंग चोरून बसला. अध्यक्षांनी घसा साफ केला.

“एका माणसाने आपल्याला वेळेवर सावध केलं होतं. फोटोसकट. आपण त्याच्यावर धावून गेलो. जगाची रीतच आहे ही.” आणि त्यांनी टाळ्या सुरू केल्या.

चित्रकार उभा राहिला. “अहो, मी सावध केलं नव्हतं. ते चित्र होतं. टाकी तुम्हीच—”

बायकोने शर्ट ओढून त्याला खाली बसवलं. “गप्प बसा. तुमच्या कामाला लोकांनी पहिल्यांदा टाळ्या वाजवल्यात.”

टाळ्यांच्या गजरात इमारतीतल्या समस्त लोखंडाची देखरेख त्याच्यावर सोपवण्यात आली. दुसऱ्या दिवशी सकाळीच काकू त्याला मानाने आपल्या खिडकीपाशी घेऊन गेल्या.

“हे गज किती टिकतील, तेवढं सांग बाबा. तुला आधीच दिसतं.”

नाही म्हणायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण काकू इतक्या अदबीने उभ्या होत्या की त्याने डोळे बारीक केले, गजाकडे एकदा लांबून पाहिलं, एकदा जवळून पाहिलं आणि हळूच बोट फिरवलं. बोट तपकिरी झालं. इतकी वर्षं गंज काढूनही त्याच्या हाताला गंज लागण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याने बोट शर्टाला पुसलं, तर शर्टही तपकिरी झाला.

“काकू,” तो कुजबुजला, “हे साबणाने निघतं का हो?”

काकूंना वाटलं, तो आपली परीक्षा घेतोय. “छे छे, साबणाने कसं निघेल?” त्या नम्रपणे म्हणाल्या. “बघ, बरोबर ना?”

“बरोबर,” चित्रकार गंभीरपणे म्हणाला.