खरात हवालदारांची भट्टी

खरात हवालदार कुठंही गेले की बसायच्या आधी भिंतीला तळवा लावत. डोळे मिटून थोडा वेळ थांबत आणि निकाल देत, "ओल हाय." तहसील कचेरीच्या भिंतीला त्यांनी असाच हात लावला, तेव्हा कारकुनानं मान वर करून विचारलं, "काय काम आहे?" "काम ऱ्हाऊ द्या. ओल हाय," असं सांगून हवालदार ज्या कामासाठी गेले होते ते न करताच परत आले. मला मलेरिया झाला होता तेव्हा ते भेटायला आले. माझ्या कपाळाला तळवा लावून म्हणाले, "हे मात्र बराबर वाळलंय."

मी तेव्हा जाफराबादेत एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. बातम्यांचं पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचं आणि त्यातल्या चार ओळी छापून येण्याची वाट बघायची, एवढंच काम. मी स्वतःला अत्यंत अचूक माणूस समजत असे. तालुक्यात हे मत असणारा मी एकटाच होतो.

हवालदार लष्कराच्या बेकरीतून निवृत्त होऊन भीमनगरातल्या आपल्या घरी परतले, तेव्हा दुष्काळ नुकताच सरला होता. रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खाऊन गाव कंटाळलं होतं. पाव जालन्याहून एसटीच्या टपावर यायचा आणि पोचेपर्यंत त्याला डिझेलचा वास लागलेला असायचा. हवालदारांनी अंगणात पाव भाजायची भट्टी बांधायला काढली, ही मला बातमी वाटली. मी 'भीमनगरात पावभट्टी' असा मजकूर पाठवला. छापून आलं 'भीमनगरात वीटभट्टी'. आठवड्याभरात टेंभुर्णीचे दोघं विटांचा भाव विचारून गेले आणि तलाठी परवानगी बघायला आले.

"पेपरवाले," हवालदार मला म्हणाले, "तुमच्या बातमीत बी ओल हाय."

वास्तविक ओलीचा हा ध्यास त्यांना पहिल्या भट्टीनं लावला होता. लष्करात त्यांनी जन्मभर कणीक मळली होती. भट्टी बांधली होती दुसऱ्यांनीच. ही गोष्ट त्यांनी गावात सांगितली नव्हती. नदीच्या ओल्या वाळूचा ढीग घातला, त्यावर गोणपाट टाकलं, वर पांढऱ्या मातीत भुसा कालवून विटांचा घुमट रचला आणि तोंडातून वाळू उपसून काढली. इथवर सगळं छान झालं. मग त्यांनी त्याच दिवशी, घुमट ओला असतानाच, बाभळीची लाकडं आत घालून मोठा जाळ केला. घुमट असा काही फुटला की शेजारची म्हैस दावं तोडून गेली. म्हैस शोधायला मीही गेलो. ती मला सापडली नाही. ती घरी आल्यावर मला कुणी तसं कळवलंही नाही.

दुसऱ्या भट्टीला मात्र त्यांनी न्हालेल्या लेकराला शेकावं तसं शेकवलं. आधी कापसाची नुसती मूठभर वाळकी पऱ्हाटी पेटवायची. दुसऱ्या दिवशी थोडी जास्त. विटांतून वाफ निघायची, बाहेरून पाण्याचे थेंब धरायचे.

"बघा, घाम फुटून राह्यला," हवालदार कौतुकानं म्हणायचे. "जल्दी न्हाई करायची. आतलं पाणी त्याच्या मर्जीनं भायेर आलं पायजे."

मी रोज सकाळी जायचो आणि "झाली का?" म्हणून विचारायचो. त्यांच्या पत्नी सुभद्राबाई मला चहा द्यायच्या. भीमनगरात बसून चहा पितो याचा मला मनातून थोडा अभिमान होता. एकदा तो मी बोलूनही दाखवला. सुभद्राबाई म्हणाल्या, "तुमचं काय भाऊ, तुम्ही फुकटचा चा कुठंबी पिता." त्यात चूक काढता येण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवशी हवालदार फारच थोडं आणि फारच हळू बोलले. म्हणाले, "पल्टनीत माझा पाव सगळे खायचे. जाट, शीख, गढवाली, आपले मराठे. मळला कुणी, कुणी इचारलं न्हाई. हितं स्टँडवरच्या हॉटेलात आमच्या लोकांचा कप अजून येगळा, भायेर खिळ्याला असतो. मला हितं पाव करायचा हाय, पेपरवाले. या गावानं खाल्ला पायजे."

त्यानंतर मला वाटलं, आता दोन दिवसांत भट्टी चालू होणार. पण महिना गेला. उन्हाळा तापला. भट्टीतून वाफ यायची बंद झाली, थेंब बंद झाले, घुमट हाताला खणखणीत लागू लागला. हवालदार रोज जाळ करत, रोज तळवा लावत आणि रोज म्हणत, "अजून ओल हाय." खमीर ते रोज ताजं लावत आणि संध्याकाळी कोंबड्यांपुढं टाकत. भीमनगरातल्या कोंबड्या त्या काळात फार खुशीत असत.

मी माझ्या अचूक पद्धतीनं माहिती काढली. विटांत दोष असेल, मातीत मीठ असेल, जमिनीतून पाणी चढत असेल, अशी कारणं मांडून मी लेखाचा मसुदाही केला. सुभद्राबाईंना वाचून दाखवला. त्यांनी भांडी घासत सगळा ऐकला.

"ओल भट्टीत न्हाई भाऊ," त्या म्हणाल्या. "यांच्या काळजात हाय. पाव केला आन् कुणी न्हाई खाल्ला तर? त्यापरीस वाळवत बसलेलं बरं."

मी मसुदा घडी घालून खिशात ठेवला.

पुढं बाजाराच्या दिवशी हवालदार चष्मा करायला जालन्याला गेले होते. मीही जालन्यालाच होतो. दुपारी दोघं एकाच एसटीनं परतलो. भीमनगराच्या वळणाला उतरलो तसा वास आला. हवालदार जागीच थांबले. मला म्हणाले, "हा माझ्या खमिराचा वास हाय." आणि जवळजवळ पळतच निघाले.

भट्टीच्या तोंडाशी राख ओढलेली होती. पत्र्याच्या तव्यावर दोन करपलेले पाव उरले होते. सुभद्राबाई पदरानं तोंड पुसत उभ्या होत्या.

"तू पेटवली?"

"मंग काय तुमची वाट बघू? कोंबड्या फुगून मरायला लागल्या."

"बाकीचे पाव कुठं हायत?"

"गेले. बाजाराला चाललेली माणसं वासानं थांबली. वरच्या आळीचे, पिंपळगावचे."

हवालदारांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "घर कुणाचं ते त्यांना ठाव होतं का?"

"मीच सांगितलं आधी. म्हटलं, खरात हवालदाराचं घर हाय, माझ्या हातचा पाव हाय, खायाचा तर खा. एकजण तोंड फिरवून गेला. बाकीचे ऱ्हायले."

हवालदारांनी करपलेला एक पाव उचलून पालथा करून पाहिला. मग विचारलं, "बांधून नेला, का हितंच खाल्ला?"

"हितंच. त्या बाजंवर बसून. एका म्हाताऱ्यानं तर चा मागितला."

"मंग दिला न्हाईस?"

"दूध कुठं होतं? जालन्याला जायच्या आधी सकाळी ह्या भाऊंनी संपवलं, काल उरलेलं धरून."

हवालदारांनी माझ्याकडं पाहिलं. शिस्तीच्या माणसानं काय बोलायचं गिळलं ते मला कळलं. खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून त्यांनी कोनाड्यातली किटली उचलली.

"आता दूध कशाला हवालदार?" मी म्हणालो. "ती माणसं तर गेली."

"बाजार उठायला येळ हाय. परत याच वाटंनं जातील ना," ते म्हणाले आणि उन्हातून झपाझपा निघाले. चष्म्याच्या काचेवर दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. ती त्यांना दिसत नव्हती, किंवा दिसूनही ती काढायला थांबण्याइतका वेळ नव्हता.

मी दमून बाजेवर टेकलो. सुभद्राबाई वाकळ झटकत आल्या.

"उठा भाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही आपले घरचे. तिकडं जोत्यावर बसा. हितं माणसं यायची हायत."

मी उठून जोत्यावर बसलो.