घाडगेकाका आणि आभाळातले डाग

कॅमेऱ्यात तोंडाने फुंकर मारू नये, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. गच्चीवरून काढलेल्या प्रत्येक फोटोत आभाळात एक करडा ठिपका येत होता. लेन्स पुसली, ठिपका जाईना. मग लेन्स काढून आत डोकावलो आणि उतू जाणाऱ्या दुधावर मारतात तशी फुंकर मारली. एकाचे चार ठिपके झाले. त्यातला सगळ्यात मोठा माझ्या थुंकीचा आहे, असं बायकोने जाहीर केलं.

"चिखलीत घाडगेकाका साफ करून देतात," पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत एकाने सांगितलं. "पण जरा विचित्र आहेत हं."

काकांनी दार उघडलं, माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि विचारलं, "घरी विचारलंत?"

"काय विचारायचं?"

"साफ करू का म्हणून."

"अहो काका, कॅमेरा माझाच आहे."

"मालकी कोण विचारतंय राव? घरी विचारलंत का?"

शेवटी दारातच उभं राहून बायकोला फोन लावला. काकांनी स्पीकर चालू करायला सांगितला. "करा हो साफ," ती म्हणाली, "आणि जमलं तर यांचं डोकंही घ्या त्यातच." काका हसले नाहीत. "फक्त कॅमेऱ्याची परवानगी मिळालीये," असं म्हणून त्यांनी मला आत घेतलं.

तेवीस वर्षं काका चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपमध्ये होते. रंगवलेल्या गाड्या ट्यूबलाइटखालून सरकायच्या आणि काका रंगात अडकलेला धुळीचा कण शोधायचे. सापडला की 'रीवर्क', नाही सापडला की 'पास'. निवृत्त झाले तरी तपासणी सुटली नव्हती. माझ्या शर्टाच्या कॉलरकडे बघून ते "रीवर्क" म्हणाले. मग चहा केला, स्वतः एक घोट घेतला आणि "पास" म्हणाले. घरात दुसरं कुणीच नव्हतं, आणि मला तर अजून कप मिळायचा होता. त्यामुळे ते कुणाला सांगितलं, हे कळलं नाही.

काम बाथरूममध्ये चालायचं. आधी गरम पाण्याचा नळ पाच मिनिटं सोडायचा, म्हणजे वाफेने हवेतली धूळ खाली बसते. मग वाफ विरेपर्यंत थांबायचं. पंखा बंद, बोलणं बंद. काकांच्या अंगात कंपनीतला पांढरा डगला, डोक्याला टोपी. मी बाहेर स्टुलावर. "शिंक आली तर जिन्यात जा," अशी सूचना.

माझ्या कॅमेऱ्याने त्यांनी पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून दाखवला. भिंतीला देवी आल्यासारखं दिसत होतं. "ही धूळ लेन्सवर नाही राव. आत सेन्सरवर बसलीये. म्हणून कसलाही फोटो काढा, डाग त्याच जागी येणार. अंगठ्याच्या ठशासारखं असतं हे. दोन कॅमेऱ्यांचे डाग कधी सारखे सापडायचे नाहीत."

थुंकीचा डाग नुसत्या हवेने निघत नाही, द्रावण लावून पुसावा लागतो, म्हणून कॅमेरा ठेवून जावा लागला. निघताना त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, "सात-आठ वर्षांपूर्वी घरात काही कार्य झालं होतं?"

"वास्तुशांत."

"फोटो?"

"स्टुडिओवाल्यांनी दिलेला पेन ड्राइव्ह आहे."

"रविवारी घेऊन या."

मी सोसायटीत चौकशी केली, तर हा त्यांचा जुना नाद निघाला. कुणाचंही लग्न, मुंज, बारसं असो, काका फोटो मागून घेतात. नवरानवरी बघत नाहीत, जेवण बघत नाहीत. भिंग घेऊन फोटोचा उजवा वरचा कोपरा बघतात, "नाही" म्हणतात आणि परत देतात. एका वधूपित्याला तर इतका राग आला होता, की त्याने विचारलं, "आमची मुलगी मांडवाला टांगलीय का हो?"

घरी येऊन मी पेन ड्राइव्ह लावला. गच्चीवरच्या बावीस फोटोंत, आभाळात, तीन डाग. कॉलर रीवर्क झाली होतीच, आता आभाळही रीवर्क होणार. मी मुलीचा लॅपटॉप घेतला आणि अख्खी दुपार बसून बावीस फोटोंतले सहासष्ट डाग पुसले. पुसलेला फोटो त्याच नावाने ठेवत गेलो. इतकं नेटकं काम मी ऑफिसातही कधी केलं नाही.

रविवारी मी नेलेल्या लॅपटॉपवर काकांनी एकेक फोटो पाहिला. उजवा वरचा कोपरा. पुढचा. उजवा वरचा कोपरा. "नाही," ते म्हणाले.

मला राहवेना. "असतील कसे? मी पुसले ना सगळे! तीन होते प्रत्येकात."

काकांचा हात थांबला. "दोन शेजारी शेजारी, आणि एक खाली?"

"हो. खालचा जरा लांबट."

ते बाथरूमच्या उंबऱ्यावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आमची शुभदा," ते म्हणाले. "कार्यक्रमांचे फोटो काढायची. स्टुडिओवाले बोलवायचे, ही जायची. कुठल्या घरी, कुणाकडे, आम्हाला काय माहीत? तिच्या कॅमेऱ्यात हे तीन डाग. मी रोज म्हणायचो, रीवर्क कर. तर म्हणायची, बाबा, गिऱ्हाईक चेहरे बघतं, आभाळ कोण बघतं? एका रविवारी ती झोपली होती, तेव्हा मी साफ करून टाकला. न विचारता. उठल्यावर भांडली नाही. एवढंच म्हणाली, विचारायचं तरी."

त्यांनी मांडीवरच्या टोपीची घडी घातली.

"पुढच्या वर्षी आजारात गेली. तिचा कॉम्प्युटर उघडेचना, फोटो सगळे आतच गेले. मग डोक्यात आलं, की तिचे फोटो लोकांच्या घरी असतील. ती काय बघत होती, ते तरी बघू. पण मी साफ केल्यानंतरचे ओळखूच येत नाहीत. आधीचे तेवढे ओळखता येतात." त्यांनी पेन ड्राइव्हकडे पाहिलं. "मूळचे आहेत?"

"त्याच नावाने ठेवले, काका. जुने गेले."

मग काकांनी माझा कॅमेरा आणून हातात दिला. "पास," म्हणाले. जिन्यापर्यंत आले आणि अगदी हळू विचारलं, "पुसायच्या आधी घरी विचारलं होतंत?"

स्पाइन रोडवरून घरी कसा आलो, आठवत नाही. बायको भाजी निवडत होती. तिला सगळं सांगितलं. ही आता मला फाडून खाणार, अशी माझी खात्री होती. ती भाजी निवडायचीच थांबली.

"कुरळ्या केसांची होती ती," ती म्हणाली. "सगळ्यांचे फोटो झाले, तेव्हा मला म्हणाली, वहिनी, सकाळपासून तुमचा एकटीचा एकही नाही. माझे हात ओले होते, तरी तशीच मला कठड्यापाशी उभं केलं. तो फोटो मी तेव्हाच आईला छापून दिला होता, सांगवीला तिच्या भिंतीवर आहे. मागे नुसतं आभाळ आहे. उद्या आपण दोघं तो घेऊन काकांकडे जाऊ. आणि हे बघा, त्याची काचसुद्धा पुसायची नाही. मला विचारल्याशिवाय."