टीव्हीवरची पिल्लं

“सून कामाला वाघीन हाय, पन तोंडात जीभ हाय का नाय, तेच कलत नाय,” परसात सत्यवतीबाई शेजारच्या डेल्फिनला सांगत होत्या.

“बरंच की गं! आमच्याकडे ये, कान किटतात.”

मोरीच्या खिडकीआड भांडी घासणाऱ्या रीमाने नळ आणखी बारीक केला. जूचंद्रला सासरी येऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते. बोलून छाप पाडणं जमणारं नव्हतं, तेव्हा करून दाखवायचं ठरलं. वीज वाचवायची! पेपरात आलंच होतं की, पिवळे बल्ब वीज नुसती तापण्यात घालवतात, सीएफएलचा पांढरा दिवा मात्र गार राहतो. (‘गार राहतो’ हे तिने कौतुकाने दोनदा वाचलं होतं.)

दुपारी सगळे निजल्यावर स्टुलावर चढून तिने घरभर सीएफएल लावले. जिन्याखाली सासूबाईंच्या कोंबडीच्या पिल्लांचं खोकं होतं आणि त्यावर शंभर वॅटचा पिवळा बल्ब रात्रंदिवस जळत होता. पिल्लांना एवढा उजेड कशाला? विचारायचं तर बोलावं लागलं असतं. तिने तोही काढला. तो हाताला चटका देऊन खाली पडला आणि फुटला, तरी तिने तिथेही सीएफएल बसवला. (एवढा इशारा पुरायला हवा होता.)

संध्याकाळी सासरे धर्मा खुश. “घर कसं लग्नघरावानी दिसतंय!” रीमा लाजली.

जानेवारीची थंडी. सकाळी पिल्लं लख्ख उजेडात एकमेकांवर चढून केविलवाणी चिवचिवत होती.

“नजर लागली!” सत्यवतीबाई म्हणाल्या. “काल डेल्फिन म्हनत होती, किती गोजिरवानी!”

त्यांनी मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. रीमाला एव्हाना सगळं कळून चुकलं होतं. सांगायला तिने तोंड उघडलं, तर आत धूर गेला. घरातले सगळेच खोकत होते, त्यात आपण गप्प का, हे कुणी विचारलं नाही याचंच तिला बरं वाटलं आणि मग त्या बरं वाटण्याचीही लाज वाटली.

शेवटी धर्मांनी पिल्लं खोक्यातून टोपलीत घेतली आणि टोपली चालू टीव्हीवर ठेवली. टीव्हीचं टाळकं तापलेलं, पिल्लं गप्प झाली. मग काय, टीव्ही बंद करायची सोयच उरली नाही. रात्रभर चालू. तो जळू नये म्हणून मागून टेबलफॅन, तोही रात्रभर.

दुसऱ्या दिवशी डेल्फिन नेहमीसारखी मालिका बघायला आली. सत्यवतीबाईंनी झटकन टोपलीवर पदर धरला.

“तू नको बगू यांच्याकडं.”

“म्हणजे?”

“नजर लागते तुजी.”

डेल्फिनचा चेहरा पडला. “एवढ्या वर्षांनी कळलं होय तुला?” म्हणत ती उठली आणि दारात चपला शोधू लागली. एक पायात, एक सापडेना.

रीमाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. (टीव्हीपेक्षा तिच्याच डोक्यावर पिल्लं चांगली उबेत राहिली असती.)

“मावशी, जाऊ नका!” ती एवढ्या मोठ्याने ओरडली की धर्मांनी टीव्हीचाच आवाज कमी केला. “आई, नजर कुणाची नाही लागली. पिल्लांचा गरम बल्ब मी काढला... वीज वाचवायला.”