भुरकीची सुखमोजणी

बालमित्रांनो, माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, शब्द अगदीच साधे वाटले, तर सांभाळून घ्या.

एका जंगलात भुरकी नावाची साळिंदराची मुलगी राहायची. नुकतीच वयात आलेली. घरात कंद आला, की गर भावाला आणि साली भुरकीला.

सिंहमहाराजांनी नदीपलीकडे मुलींची शाळा काढली होती. तिथं रोज पोटभर कंद मिळायचे. पण प्रवेश फक्त गरीब मुलींना. गरीब कोण, हे मोजायला करकोचासाहेब घरोघर निघाले. भुरकी वाटेकडे डोळे लावून बसली.

साहेब आले. म्हणाले, "तुमच्या मुलीची जरा चौकशी करायची आहे."

त्या जंगलात वयात आलेल्या मुलीची चौकशी करणारा पाहुणा म्हणजे स्थळच! आईची धांदल उडाली. बाबांनी शेजारच्या अस्वलाकडून कंदांचा ढीग उसना आणला. मोराकडून पिसं आणून भुरकीच्या काट्यांत खोवली.

"मुलगी खाते किती?" साहेबांनी विचारलं.

"नावालाच हो! चार साली दिल्या की झालं. सासरी भार व्हायची नाही," आई म्हणाली.

"म्हणजे भूक नाही," साहेब म्हणाले. "झोप?"

"सगळ्यांच्या नंतर निजते, सगळ्यांच्या आधी उठते."

"वा! म्हणजे थकवाही नाही. काही तक्रार?"

"छे! तोंडातून शब्द निघेल तर शपथ."

"साहेब, मला भूक लागते," भुरकी म्हणाली. "मला शाळेत जायचंय."

बाबा खो-खो हसले. आई हसली. साहेबही चोच वर करून हसले.

"विनोदी आहे हो! म्हणजे आनंदी."

त्यांनी ढिगाकडे पाहिलं, पिसांकडे पाहिलं आणि निकाल दिला, "जंगलातली सगळ्यात सुखी मुलगी! हिला शाळेची गरज नाही."

"मग पसंत ना?" बाबांनी हात जोडून विचारलं.

"अगदी!" म्हणत साहेब उडाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब परत आले. चोचीत नारळ होता. तो त्यांनी बाबांच्या पुढ्यात ठेवला.

"आमचा धाकटा लग्नाचा आहे. एवढी कमी खाणारी, एवढी सुखी मुलगी शोधून सापडायची नाही."

भुरकीचे सगळे काटे ताडकन उभे राहिले.

"लाजली गं बाई माझी!" आई म्हणाली.

तात्पर्य: मुलगी सुखी आहे का, हे मुलीला कधी विचारू नये. मोजणी उगाच बिघडते.