आद्यप्रकाशातील भोवऱ्यांची हकीकत

श्री. जे अवघे एके काळी मोहरीहून लहान ठायी निजले होते आणि जागे होताच दिगंतरास गेले, त्यास नमन करून ही हकीकत लिहिली असे. शके चौदाशे नव्वद, विभव नाम संवत्सरी, चैत्रमासी, एका राज्यात, ज्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, विसाजीपंत नामे वृद्ध महाज्योतिषी होते. त्यांनी तरुणपणी सिद्धांत मांडिला तो ऐसा की, प्रारंभी अवकाश अतिसूक्ष्म होते आणि ते स्वस्थ नव्हते, त्यास सदैव बारीक कंप सुटत असे. मग निमिषाच्याही अंशात ते अवकाश ऐसे फुगले की, अणूहून लहान जो कंप तो आभाळाएवढा ताणला गेला आणि त्यास विरून जाण्याची सवड राहिली नाही. त्यामुळे कोठे द्रव्य किंचित दाट आणि कोठे किंचित विरळ राहिले, आणि दाट ठायाने भोवतालचे ओढून घेता घेता तारे जाहले, ताऱ्यांची नगरे जाहली, आणि अखेर डोंगर, नद्या व माणसे जाहली. आणि पंत आणखी ऐसे बोलत की, त्या समयी खुद्द अवकाशही थरथरले असले पाहिजे, आणि त्याच्या लहरी उठल्या असल्या पाहिजेत, ज्या एका अंगास ताणतात आणि दुसऱ्या अंगास दाबतात, आणि त्या अद्याप आपणां सर्वांतून निघून जात असतील, कोणास न कळता.

दाट-विरळाचे ठसे पुढे आद्यप्रकाशात सापडले. आद्यप्रकाश म्हणजे सृष्टी प्रथम निवळली तेव्हा सुटलेला उजेड, जो आता इतका निवाला आहे की डोळ्यास दिसत नाही. त्या ठशांवरून पंतांची कीर्ती जाहली. लहरींचा मात्र ठाव लागेना, आणि तोवर पंतांची दृष्टी गेली. मग त्यांची कन्या भिवराबाई हिने तो ध्यास घेतला आणि महाराजांची आज्ञा घेऊन ती उंच पठारावर मुक्कामास गेली, जेथे हवा कोरडी आणि थंडी ऐसी की बोललेला शब्द ओठांपाशी धुके होऊन राही. तेथे बाईंनी तांब्याचे थोरले पात्र आभाळाकडे तोंड करून बसविले आणि ते पात्र तो थंड उजेड वेचू लागले. त्या उजेडाच्या कंपास दिशा असते. लहरी खऱ्या असतील तर ती दिशा जागोजागी भोवऱ्यासारखी वळलेली दिसावी, ऐसे पंतांचे गणित होते. बाई उन्हात बसून त्या दिशा एकेक मांडीत, आणि मांडता मांडता त्यांस वाटे की आपण पाण्याच्या तळाशी बसलो आहोत आणि वरून कोणी अतिशय सावकाश पाणी ढवळीत आहे. तिसरे वर्षी भोवरे दिसले.

बाईंनी वारंवार पडताळून पाहिले आणि मग खाली येऊन प्रथम वडिलांस सांगितले. पंतांनी हात पुढे केला आणि बाईंनी त्यांच्या तळव्यावर बोटाने तो भोवरा काढून दाखविला, तेव्हा त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आले. महाराजांनी वार्ता ऐकून हत्तीवरून साखर वाटली, नगारे वाजविले, आणि परराज्यांच्या वकिलांस बोलावणी धाडली की वैशाखी पौर्णिमेस भरदरबारी हे वर्तमान जाहीर होईल.

बाई पठारावर परतल्या. दरबारापूर्वी प्रमाण अधिक बळकट व्हावे म्हणून त्यांनी दुसरे पात्र बसविले, जे किंचित उष्ण उजेड टिपणारे होते. लहरींचे भोवरे असते तर दोहींत सारखे दिसते. परंतु दुसऱ्या पात्रात तेच भोवरे फार तेजाने उजळले, आणि बाईंनी जाणिले की हे लहरींचे नव्हेत. कारण ऐसे तेज आकाशगंगेतील धुळीचे असते. आपल्याच घरची बारीक धूळ, आकाशगंगेच्या चुंबकी ओढीने ओळीत उभी राहून, प्रारंभीच्या लहरींचे सोंग घेऊन बसली होती.

बाई खाली आल्या आणि कारभारी नागोपंत यांस त्यांनी वृत्त कळविले. नागोपंत मनाचे वाईट नव्हते. त्यांनी बाईंस बसविले, पाणी दिले, आणि दरबार होऊन जाऊ द्यावा, मग हळूहळू सांगता येईल, ऐसे सुचविले. मग आवाज उतरवून बोलिले, "पंतांचे आता किती दिवस राहिले? जन्मभर ज्याची वाट पाहिली ते आले ऐसे समजून त्यांस जाऊ द्यावे. आपण बोलला नाहीत तर कळणार कोणास?" बाईंच्या मनात ते बोलणे खोल गेले. तरी त्या उठल्या आणि थेट महाराजांकडे गेल्या.

महाराजांनी सर्व ऐकून घेतले आणि पुसिले, "मग लहरी नाहीतच काय?"

"नाहीत ऐसेही म्हणवत नाही," बाई बोलिल्या. "असल्या तर धुळीच्या मागे आहेत, आणि फार मंद आहेत. दाट-विरळाची गोष्ट मात्र पक्की आहे. तिला यामुळे धक्का नाही."

मग वकिलांस भोजन घालून खरे ते सांगून निरोप द्यावा आणि पठारावरील काम चालू ठेवावे, ऐसी आज्ञा जाहली. नागोपंतांनी मान खाली घातली.

मग घरी सांगणे राहिले. पंत ओसरीवर उन्हाकडे पाठ करून बसले होते. बाईंनी पायांपाशी बसून एका दमात सांगून टाकिले, आणि आता काय होते म्हणून त्यांच्या मुखाकडे पाहत राहिल्या. पंतांचे मुख पडले. मग पुसिले, "भिवरे, ती धूळ दिसते कशी?"

बाईंस हे अपेक्षित नव्हते. त्यांनी सांगावयास आरंभ केला की, ती आभाळभर पसरली आहे, कोठे विणल्यासारखी, कोठे नदी वळावी तैसी वळलेली, आणि तिचा कण न् कण जणू कोणाची हाक ऐकून एके दिशेस वळून उभा आहे. आणि तिजमधूनच पुढे नवे तारे होतात. पंत ऐकत राहिले आणि त्यांचा श्वास सावकाश जाहला.

"म्हणजे तीही त्या पहिल्या कंपाचीच लेकरे," पंत बोलिले. "सुंदर आहे काय?"

"फार सुंदर आहे, बाबा."

"मग आणखी सांग."

आणि बाई ऊन उतरेतो सांगत राहिल्या. पुढे आषाढात पंत निवर्तले आणि बाई पठारावर गेल्या. एवंच, दाट-विरळ सिद्ध, धूळ सिद्ध, लहरी असिद्ध. वृत्तांत जैसा घडला तैसा लिहिला, अधिक गोड केला नाही. इति.