तिसऱ्या गिअरपलीकडे

मास्तरांनी बातमी वाचली आणि हातातला चहा तसाच टेबलावर ठेवला.

"कोण गेलं?" बायकोने विचारलं.

"अजून गेलं नाही. वर्षअखेरीला जाणार."

"अहो, पण कोण?"

"ते सहा सिलिंडरचं इंजिन. कंपनी बंद करतेय. यापुढे सगळ्या बॅटरीवरच्या गाड्या."

बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला आणि चहावर बशी झाकली.

मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. गावातल्या निम्म्याअधिक लोकांना गाडी त्यांनीच शिकवली होती. शेजारच्या सीटवर बसायचं, तिथल्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि "हळू, हळू" म्हणत राहायचं, यात त्यांची उमर गेली. शिकाऊ गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढे जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा नेम. चौथा गिअर ते विद्यार्थ्यांना फक्त दाखवत, पाहुण्यांना बंद खोली बाहेरून दाखवावी तसा. अशा माणसाच्या मनात ते इंजिन कित्येक वर्षं घर करून बसलं होतं. एकदा, फक्त एकदा, अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवायचा आणि ते कसं गर्जतं ते ऐकायचं. आता नाही तर कधीच नाही.

"घ्या ती गाडी," बायको म्हणाली. "आयुष्यभर मन मारलंत. पण चालवणार कोण?"

"कोण म्हणजे? मी."

"तुम्ही स्वतः गाडी शेवटची कधी चालवलीत?"

मास्तर विचारात पडले. बाजारात जायचं असलं तरी एखादा विद्यार्थीच त्यांना डावं वळण, उजवं वळण शिकत शिकत नेऊन सोडायचा. त्यांनी विषय बदलला.

शोरूममधला विक्रेता त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. गाडी लाल होती आणि एकच उरली होती. चक्कर मारून बघायला निघताना मास्तर सवयीने शेजारच्या दाराने आत शिरले. मास्तरांना तिथे बसलेलं पाहून विक्रेत्याचा नाइलाज झाला. तो स्टिअरिंगमागे बसला, आरसे नीट केले, पट्टा लावला आणि परवानगीची वाट पाहत राहिला. सगळी चक्कर दुसऱ्या गिअरमध्ये झाली.

"कशी वाटली?" विक्रेत्याने घाम पुसत विचारलं.

"वळताना मागे बघायला विसरलास," मास्तर म्हणाले आणि सही करून मोकळे झाले.

पहिल्याच रविवारी मन घट्ट करून ते एकटे बायपासवर गेले. पुढे एक पांढरी गाडी होती. तिच्या चालकाने आरशात मास्तरांना पाहिलं, पाठ ताठ केली आणि वेग निम्म्यावर आणला. तिच्या पुढच्याने तेच केलं. ओव्हरटेक करावं, तर या प्रत्येकाला मास्तरांनी ओव्हरटेक करण्यावरून कधी ना कधी फैलावर घेतलेलं. आता कोणत्या तोंडाने करणार? सिग्नलला पांढऱ्या गाडीची काच खाली आली.

"तिसऱ्यातच ठेवलीय, मास्तर," चालक म्हणाला. "तुम्ही सांगितलेलं आजवर मोडलं नाही."

"छान," मास्तर पडेल आवाजात म्हणाले.

मास्तर लाल गाडीतून अचानक परीक्षा घेत फिरतात, अशी बोलवा गावभर झाली. गाडी लांबून दिसली तरी लोक पट्टे लावू लागले. आठवड्याभरात वाहतूक पोलीस घरी आला. तोही विद्यार्थीच.

"मास्तर, एक विनंती होती. तुमची गाडी असली की रस्त्यावर सगळे शहाण्यासारखे वागतात. शाळा सुटायच्या वेळी बाजारातून एक फेरी माराल का?"

मास्तरांना भिडेखातर नाही म्हणवेना. शाळेपाठोपाठ दवाखान्याचा रस्ता आला, मग भाजीबाजार. गावातली सगळ्यात ताकदवान गाडी अशी गावातली सगळ्यात संथ गाडी झाली. पेट्रोल मात्र ती शर्यतीला निघाल्यासारखी प्यायची.

मग एके दिवशी कारखान्यातून शेवटचं इंजिन बाहेर पडल्याची बातमी आली. मास्तर उभ्या गाडीत जाऊन बसले. त्यांना फार वाईट वाटलं, अगदी रडू येईल इतकं. ती वस्तू हातात होती आणि तिचा आवाज त्यांनी अजून ऐकलाच नव्हता.

बायकोने खिडकीतून पाहिलं आणि खाली आली. तिला शिकवायला मास्तरांनी एकेकाळी सुरुवात केली होती. तिसऱ्या दिवशी दोघांचं बोलणं बंद झालं आणि ती सरळ दुसऱ्या क्लासला गेली. तिथे तिसऱ्या गिअरचा नेम नव्हता.

"सरका तिकडे," ती म्हणाली.

मास्तर सरकले. शेजारच्या सीटवर बसल्यावर त्यांना जरा बरं वाटलं.

बायपासवर नेहमीच्याच गाड्या होत्या. पण आज मास्तर शेजारी बसलेले दिसले. म्हणजे चालवणारा शिकाऊ, आणि शिकाऊला वाट मोकळी करून द्यायची, हे मास्तरांनीच एकेकाच्या डोक्यात भरवलेलं. इंडिकेटर लागले. गाड्या एकामागोमाग एक कडेला झाल्या. समोर सगळा रस्ता रिकामा पडला.

बायकोने चौथा टाकला. मग पाचवा. इंजिनाने आधी घसा खाकरला आणि मग असा काही सूर लावला की मास्तरांच्या अंगावर काटा आला. त्यांचा पाय नसलेल्या ब्रेकवर गच्च दाबलेला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हळू करू का?" बायकोने विचारलं.

"अजून दाब," मास्तर म्हणाले.

पुढच्या वळणावर वाहतूक पोलिसाने हात दाखवला. तो खिडकीशी आला, स्टिअरिंगमागच्या बाईंकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"बाईंचा पाय फार जड आहे, मास्तर."

"आहे खरा," मास्तर डोळे पुसत म्हणाले.

मास्तरांच्या डोळ्यांतलं पाणी पाहून पोलिसाला त्यांची दया आली. "शिकाऊ माणसाला दंड काय करायचा? पण बाईंना सराव कमी पडतोय. बाजारातल्या फेऱ्या आता राहू द्या. यांना रोज इथे आणत चला."

"आणतो," मास्तर गंभीरपणे म्हणाले.

पोलीस लांब गेल्यावर बायको मास्तरांकडे वळली.

"वीस वर्षं गाडी चालवतेय मी. मी कधीपासून शिकाऊ?"

"समोर बघ," मास्तर म्हणाले. "आणि उद्या जरा लवकर निघू."